सिलिकॉन-जर्मेनियम थराचा रॉकिंग कर्व्ह गणनेशी जुळत नाही, तेव्हा प्रारूप कोणते निवडावे?

उत्तर स्वतंत्रपणे वाचता यावे म्हणून तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो. ००१ पृष्ठाच्या सिलिकॉनवर वाढवलेल्या, सुमारे १०० नॅनोमीटर जाडीच्या सिलिकॉन-जर्मेनियम थराचा ००४ परावर्तनाचा रॉकिंग कर्व्ह, म्हणजे नमुना किंचित फिरवत काढलेला परावर्तित तीव्रतेचा आलेख, तुम्ही कॉपरच्या क्ष-किरणांवर, उघडा डिटेक्टर ठेवून मोजला. नमुना वाढवणाऱ्यांनी जर्मेनियमचे प्रमाण २० टक्के सांगितले होते, पण तुमच्या गणनेत ते १८ टक्के निघते. थराचे शिखर गणनेनुसार १७० आर्कसेकंद रुंद असायला हवे, ते ३०० च्या आसपास आहे आणि त्याची उंची गणनेच्या निम्म्याहून किंचित जास्त आहे. गणनेत ठळक दिसणाऱ्या जाडीच्या फ्रिंजेस, म्हणजे थराच्या जाडीमुळे व्यतिकरणातून उमटणारे शिखराच्या आजूबाजूचे चढउतार, मोजमापात जवळजवळ नाहीत. सबस्ट्रेटचे, म्हणजे थराखालच्या सिलिकॉनचे, शिखरही सिद्धांतातल्या ४ आर्कसेकंदांऐवजी २५ भरते. स्थिर डिबाय-वॉलर गुणक घातल्यावर थराच्या शिखराची उंची जुळली. हे योग्य आहे का, आणि स्फटिकात पुनःपुन्हा होणारी परावर्तने धरणारी (डायनॅमिकल) तकागी-तोपँ समीकरणे वापरावीत की ती न धरणारी साधी कायनेमॅटिक बेरीज पुरेल, असे तुम्ही विचारले आहे.

तो गुणक तूर्त काढून टाका. तो चुकीचा का आहे हे तुमच्याच आकड्यांतून दिसते. मोजलेल्या शिखराची उंची गणनेच्या ०.५५ पट धरली आणि तिला ३०० ने गुणले, तर १६५ येतात. गणनेतल्या शिखराची उंची १ आणि रुंदी १७० आहे. म्हणजे शिखराखालचे क्षेत्रफळ जवळपास तेवढेच राहिले आहे. थरातून परावर्तित होणारी तीव्रता कुठेही हरवलेली नाही, ती फक्त कोनात पसरली आहे. स्थिर डिबाय-वॉलर गुणक याच्या नेमके उलट काम करतो: तो शिखराचा आकार आणि रुंदी न बदलता सुसंगत तीव्रता सरसकट कमी करतो, आणि कमी झालेला भाग आजूबाजूच्या पसरट, विखुरलेल्या पार्श्वभूमीत जातो. शिखर बुटके आणि रुंद झाले असताना हा गुणक लावून उंची जुळवली, की रुंदी जुळवण्यासाठी आणखी एक काल्पनिक कारण आणावे लागते, आणि मग क्षेत्रफळाचा हिशेब कधीच बसत नाही. म्हणून जुळणी करताना आधी क्षेत्रफळ पाहावे, मग रुंदी, आणि उंचीकडे सर्वांत शेवटी वळावे, असा माझा आग्रह असतो.

आता मूळ मुद्द्याकडे येऊ. अपूर्ण किंवा ताणलेल्या स्फटिकाच्या कोणत्याही गणनेत अपूर्णतेचा प्रवेश एकाच दाराने होतो: व्युत्क्रम जालकातला परावर्तनाचा सदिश आणि अणूंचे त्यांच्या आदर्श जागेपासून झालेले विस्थापन, या दोहोंचा अदिश गुणाकार. हा गुणाकार म्हणजे विवर्तित लहरीत आलेली जास्तीची कला, म्हणजे फेज. थर एकसमान ताणलेला असेल तर ही कला खोलीनुसार सरळ रेषेत वाढते आणि शिखर फक्त सरकते. ताण खोलीनुसार बदलत असेल तर शिखर विषम होते आणि रुंदावते. विस्थापने यादृच्छिक पण मर्यादित असतील, जशी बिंदूदोषांभोवती किंवा त्यांच्या छोट्या पुंजक्यांभोवती असतात, तर कलेची सरासरी एकापेक्षा कमी भरते. तीच सरासरी म्हणजे स्थिर डिबाय-वॉलर गुणक. डिस्लोकेशनसारख्या रेषीय दोषांचे विस्थापन-क्षेत्र दूरवर टिकते, तेव्हा ही सरासरी शून्याकडे जाते आणि टोकदार ब्रॅग शिखरच नाहीसे होऊन त्याच्या जागी रुंद शिखर येते. क्रिव्होग्लाझ यांनी दोषांचे जे दोन प्रकार केले, त्यांचा पाया हाच आहे: पहिल्या प्रकारचे दोष शिखर खुजे करतात, दुसऱ्या प्रकारचे दोष शिखर रुंद करतात. तुमच्या थरातील लक्षणे दुसऱ्या प्रकाराची किंवा खोलीनुसार बदलणाऱ्या ताणाची आहेत, पहिल्या प्रकाराची नाहीत.

कायनेमॅटिक की डायनॅमिकल, हा प्रश्न त्या मानाने सोपा आहे. सिलिकॉनच्या ००४ परावर्तनासाठी एक्स्टिंक्शनची लांबी, म्हणजे परावर्तनामुळे किरण ज्या खोलीत क्षीण होतो ती, काही मायक्रोमीटरच्या घरात असते, आणि १०० नॅनोमीटरचा थर तिच्यापुढे नगण्य आहे. त्यामुळे थरात पुनःपुन्हा होणाऱ्या परावर्तनांचा परिणाम किरकोळ राहतो आणि थरासाठी कायनेमॅटिक बेरीज चालते. सबस्ट्रेटसाठी मात्र ती मुळीच चालत नाही, कारण अतिजाड आदर्श स्फटिकाची कायनेमॅटिक तीव्रता ब्रॅग कोनाशी अमर्याद होते. थर आणि सबस्ट्रेट यांच्या लहरी एकमेकींत मिसळतात, आणि दोन शिखरांमधल्या भागाचा आकार त्या मिसळण्यावरच ठरतो. म्हणून दोन्ही एकाच चौकटीत बसवणारी तकागी-तोपँ समीकरणे वापरणे शहाणपणाचे. तकागी यांनी ती १९६२ मध्ये आणि तोपँ यांनी १९६४ मध्ये मांडली. आपाती आणि विवर्तित लहरींचे आयाम एकमेकांशी जोडणारी ही दोन अवकल समीकरणे आहेत, आणि स्थानिक विस्थापन त्यांत थेट येते. ताण फक्त खोलीनुसार बदलत असेल तर दोन आयामांच्या गुणोत्तरासाठी एकच समीकरण उरते, आणि थराचे पातळ चकत्यांमध्ये विभाजन करून सबस्ट्रेटपासून पृष्ठभागाकडे ते पायरीपायरीने सोडवता येते. बार्टेल्स, हॉर्नस्ट्रा आणि लोबीक यांनी १९८६ मध्ये बहुथरांसाठी दिलेली रीत याच जातीची आहे. आजच्या साध्या लॅपटॉपवर ही गणना क्षणात होते, त्यामुळे वेळ वाचवण्यासाठी कायनेमॅटिककडे जाण्याचे कारण उरलेले नाही.

मात्र या चौकटीत एक मेख आहे, आणि तुमच्या १८ टक्क्यांशी तिचा संबंध असू शकतो. जुन्या प्रोग्रॅममध्ये ब्रॅग कोनापासूनचे अंतर रेषीय अंदाजाने मांडलेले असते. सबस्ट्रेटच्या शिखराजवळ तो अंदाज ठीक असतो, पण अर्धा अंश दूर असलेल्या थराच्या शिखराशी त्याची चूक दिसू लागते. २० टक्के जर्मेनियम असलेल्या, सबस्ट्रेटशी पूर्ण जुळवून घेतलेल्या थराचा उभा ताण सुमारे १.३३ टक्के येतो. रेषीय सूत्राने त्यापासून शिखरांमधले अंतर सुमारे १,८९५ आर्कसेकंद निघते, ब्रॅगचे सूत्र थेट सोडवले तर १,८६५ निघते. हा फरक ३० आर्कसेकंदांचा आहे.

त्याहून मोठा फरक जालकांतराच्या, म्हणजे स्फटिकाची रचना ज्या अंतराने पुन्हा येते त्याच्या, गृहीतकामुळे पडतो. सिलिकॉनचे जालकांतर ५.४३१ आणि जर्मेनियमचे ५.६५८ अँगस्ट्रॉम आहे. या दोन टोकांमध्ये सरळ रेषा काढली, म्हणजे व्हेगार्डचा नियम जसाच्या तसा लावला, तर २० टक्क्यांसाठी शिखरांतले अंतर सुमारे २,०६० आर्कसेकंद येते. प्रत्यक्षात या मिश्रधातूचे जालकांतर सरळ रेषेपेक्षा थोडे खाली वाकते, आणि तो वाक धरला तर अंतर १,८६५ येते. उलट बाजूने पाहिले, तर १,८६५ आर्कसेकंदांचे मोजमाप सरळ रेषेच्या नियमाने वाचणाऱ्याला जर्मेनियम १८ टक्केच दिसेल. तुमचे १८ आणि नमुना वाढवणाऱ्यांचे २० हे दोन्ही आकडे एकाच शिखरातून आलेले असण्याची शक्यता मला बरीच वाटते. तुमच्या प्रोग्रॅमच्या पदार्थसूचीत वाकाचा सहगुणक भरलेला आहे का, हे सर्वप्रथम तपासा. स्थितिस्थापक स्थिरांकांच्या बाबतीतही तेवढीच काळजी घ्या. आडवा दाब उभ्या ताणात उतरतो तो सी-१२ च्या दुपटीला सी-११ ने भागून येणाऱ्या गुणोत्तरातून, आणि या मिश्रणासाठी ते ०.७७ च्या जवळ असते. समदिक पदार्थासाठीचे प्वासाँ गुणोत्तर भरून काम भागवण्याची सवय इथे नडते.

पण एवढ्याने प्रश्न मिटला असे धरू नका, कारण ००४ हे परावर्तन फक्त उभे जालकांतर पाहते. थर अंशतः रिलॅक्स झाला असेल, म्हणजे त्याचा ताण काही अंशी सुटला असेल, तर त्याचे आडवे जालकांतर वाढते, उभे कमी होते आणि शिखर सबस्ट्रेटकडे सरकते. २० टक्क्यांच्या थरात १० टक्के रिलॅक्सेशन झाले तर हे सरकणे सुमारे ८० आर्कसेकंद असते. त्यामुळे पूर्ण ताणलेला २० टक्क्यांचा थर आणि थोडा रिलॅक्स झालेला, पण जर्मेनियम जास्त असलेला थर, हे दोघे ००४ मध्ये एकाच जागी दिसू शकतात. कितीही कसून जुळणी केली तरी एका वक्रातून ही गुंतागुंत सुटत नाही. त्यासाठी २२४ परावर्तनाचा व्युत्क्रम-अवकाश नकाशा, म्हणजे नमुना आणि डिटेक्टर या दोन्हींचे कोन बदलत मोजलेल्या तीव्रतेचा नकाशा, काढावा लागेल. कॉपरच्या मुख्य तरंगलांबीवर, म्हणजे के-अल्फा-१ वर, त्याचा ब्रॅग कोन ४४ अंश येतो आणि किरण पृष्ठभागाशी सुमारे पावणेनऊ अंशांनी आत शिरतो. थराचा ठिपका सबस्ट्रेटच्या ठिपक्याच्या बरोबर खाली, एकाच उभ्या रेषेत असेल तर थर पूर्ण ताणलेला आहे. तो मूळ बिंदूकडे जाणाऱ्या रेषेकडे झुकला असेल तर तेवढे रिलॅक्सेशन झाले आहे.

२० टक्के जर्मेनियमच्या थरासाठी १०० नॅनोमीटर ही जाडी समतोल क्रांतिक जाडीच्या, म्हणजे जिच्यापुढे डिस्लोकेशन पडून ताण सुटणे सोयीचे ठरते तिच्या, कितीतरी पुढची आहे. असा थर कमी तापमानावर वाढवला तर अर्धस्थिर अवस्थेत ताणलेला टिकतो, पण मिसफिट (थर आणि सबस्ट्रेट यांच्या जालकांतरांतला फरक) भरून काढणाऱ्या डिस्लोकेशनची शंका घेणे रास्तच आहे. या शंकेचे प्रारूप करताना एक आकडा उपयोगी पडतो: डिस्लोकेशनांमधले सरासरी अंतर आणि थराची जाडी यांचे गुणोत्तर. ६० अंशांच्या नेहमीच्या डिस्लोकेशनचा मिसफिट भरून काढणारा भाग १.९२ अँगस्ट्रॉम असतो. तुमच्या थरातला मिसफिट सुमारे ०.७५ टक्के आहे. त्यातला दहावा भाग सुटला तर डिस्लोकेशन साधारण २५० नॅनोमीटरवर एक पडते. चौथा भाग सुटला तर १०० नॅनोमीटरवर, म्हणजे जाडीइतक्याच अंतरावर. पहिल्या स्थितीत टोकदार सुसंगत शिखराचा काही अंश टिकून असतो आणि त्याच्या पायथ्याशी विखुरलेली तीव्रता असते. दुसऱ्या स्थितीत डिस्लोकेशनांची विस्थापन-क्षेत्रे थरभर एकमेकांत मिसळलेली असतात, सुसंगत शिखर उरत नाही, आणि आडव्या दिशेत एकसमान असलेल्या चकत्यांवर उभे असलेले एकमितीय तकागी-तोपँ प्रारूप त्या थरासाठी अर्थहीन होते. प्रोग्रॅममध्ये ‘मोझेक’ (किंचित निरनिराळे कललेल्या लहान ठोकळ्यांचा स्फटिक) नावाचा रकाना असतो. तो भरल्याने वक्र जुळतो हे खरे, पण तो बहुधा आधीच काढलेल्या वक्रावर एक रुंद गाऊशियन फिरवतो, डिस्लोकेशनांची गणना करत नाही.

आता रुंदीच्या कारणांची फोड करू. उघड्या डिटेक्टरने मोजलेल्या रॉकिंग कर्व्हमध्ये दोन निरनिराळ्या गोष्टी एकत्र येतात: जालक-प्रतलांचे अंतर बदलणे आणि प्रतले कलणे. या दोघांना वेगळे करण्यासाठी डिटेक्टरपुढे ॲनालायझर स्फटिक लावा. मग थराच्या शिखरावर उभे राहून एकदा फक्त नमुना फिरवत ओमेगा स्कॅन घ्या, आणि एकदा नमुना व डिटेक्टर एक-दोन या प्रमाणात फिरवत ओमेगा-दोन-थीटा स्कॅन घ्या. पहिल्यात कल दिसतो, दुसऱ्यात अंतर आणि जाडी. दुसऱ्या स्कॅनमध्ये शिखर १७० आर्कसेकंदांच्या जवळ आले आणि फ्रिंजेस परत दिसल्या, तर रुंदीचे सारे खापर कलावर, म्हणजे बहुधा डिस्लोकेशनांवर फुटते. शिखर रुंदच राहिले तर जर्मेनियमचे प्रमाण खोलीनुसार बदलत असण्याचा संभव मोठा आहे. प्रमाणातला एक टक्का शिखराला साधारण ९० आर्कसेकंद हलवतो, त्यामुळे तुमच्या रुंदीसाठी वरपासून खालपर्यंत दोन-तीन टक्क्यांचा उतारही पुरेल. अशा उताराच्या थरात दोन्ही सीमा तीक्ष्ण असतील तर शिखरापासून दूरच्या फ्रिंजेस टिकतात, फक्त शिखराच्या एका बाजूला त्या पुसट होतात. सगळ्याच फ्रिंजेस गायब असतील तर सीमेचा खडबडीतपणा किंवा किरणाच्या पट्ट्यात जाडीचा फरक, यांचाही विचार करावा लागतो.

इथे एक अगदी साधी शंका विचारून घेतो: तुमच्या किरणात के-अल्फा-२, म्हणजे के-अल्फा-१ ला लागूनची कॉपरची दुसरी तरंगलांबी, शिल्लक होती का? तुमच्या नागपुरात डिफ्रॅक्टोमीटरसमोर येणारे नमुने बहुतेक पावडरचे असतात. मँगनीजचे खनिज, कोराडी-खापरखेड्याच्या वीजकेंद्रांची राख, ॲल्युमिनियमच्या मिश्रधातू, असे ते काम असते आणि यंत्राची मांडणीही त्याच बेताची असते. सिलिकॉनच्या ००४ वर के-अल्फा-१ आणि के-अल्फा-२ यांच्यातले अंतर ओमेगा मोजपट्टीवर सुमारे ३५० आर्कसेकंद भरते, आणि १०० नॅनोमीटरच्या थराच्या फ्रिंजेस १९० आर्कसेकंदांवर एक येतात. त्या किरणात फ्रिंजेस शोधणे व्यर्थ आहे. तुमच्या सबस्ट्रेटची २५ आर्कसेकंद ही रुंदी पाहता मोनोक्रोमेटर लावलेला असावा असे वाटते, तरी खात्री करून घ्या. पावडरच्या कामातली दुसरी सवय म्हणजे शिखरांच्या रुंदीवरून कणांचा आकार आणि ताण काढण्यासाठी शेररचे सूत्र किंवा विल्यमसन-हॉल यांची आलेख-पद्धत वापरणे. विल्यमसन-हॉल पद्धतीला एकाच दिशेचे निदान दोन-तीन क्रम लागतात. ००१ सिलिकॉनवर कॉपरच्या किरणांना त्या रांगेत ००४ हे एकच परावर्तन मिळते, कारण ००२ आणि ००६ निषिद्ध आहेत आणि ००८ साठी ज्या कोनाची गरज आहे तो अस्तित्वातच नाही.

सबस्ट्रेटच्या २५ आर्कसेकंदांनी काळजी करू नका, निदान लगेच तरी नको. चार परावर्तनांचा जर्मेनियम २२० मोनोक्रोमेटर सुमारे १२ आर्कसेकंदांचा कोनी पसारा देतो आणि उरलेला तरंगलांबीचा पसारा त्यात मिसळतो. ४ आर्कसेकंदांची आदर्श रुंदी या मांडणीत दिसणारच नाही. त्याखेरीज वेफर वाकलेला असतो. किरण एक मिलिमीटर रुंद असेल तर ००४ वर त्याचा पट्टा नमुन्यावर पावणेदोन मिलिमीटर पसरतो, आणि वक्रता-त्रिज्या १० मीटर असेल तर एवढ्या पट्ट्यातच प्रतलांची दिशा ३६ आर्कसेकंदांनी बदलते. पारख सोपी आहे. स्लिट अरुंद करा. सबस्ट्रेटचे शिखर बारीक झाले तर दोष वक्रतेचा आहे, स्फटिकाचा नाही. तुमच्या थराच्या १७० आणि ३०० मधले अंतर मात्र एवढ्या वक्रतेने भरून निघणार नाही, म्हणून ते कारण थरापुरते मी बाजूला ठेवतो. थर ५०० नॅनोमीटरचा असता तर फ्रिंजेस ३८ आर्कसेकंदांवर आल्या असत्या आणि याच वक्रतेने त्या पुसून टाकल्या असत्या.

सबस्ट्रेटचे शिखर नुसते रुंद नसून त्याखालचे क्षेत्रफळही गणनेपेक्षा ठळकपणे मोठे असेल, तर मात्र वेगळा विचार हवा. आदर्श स्फटिक मोजमापात दुबळा असतो: त्याची संकलित तीव्रता रचनागुणकाच्या (स्फटिकाच्या एका एककपेशीतून विखुरणाऱ्या लहरीच्या आयामाच्या) पहिल्या घाताच्या प्रमाणात असते, तर पुरेशा बिघडलेल्या स्फटिकाची दुसऱ्या घाताच्या. चार्ल्स गाल्टन डार्विन यांनी, म्हणजे उत्क्रांतीवाल्या डार्विनच्या नातवाने, १९१४ मध्ये आदर्श स्फटिकाचा सिद्धांत मांडला तेव्हा प्रत्यक्ष स्फटिक त्याहून कितीतरी जास्त तीव्रता देतात हे लक्षात आले, आणि त्यातूनच पुढे मोझेक स्फटिकाची कल्पना आली. कापताना किंवा घासताना पृष्ठभाग दुखावलेला सबस्ट्रेट याच कारणाने जास्त तीव्रता देतो. अशा मधल्या अवस्थेसाठी काटो यांनी १९८० मध्ये सांख्यिकीय डायनॅमिकल सिद्धांत दिला. त्यात कलेची सरासरी आणि कलेच्या चढउतारांची सहसंबंध-लांबी हे दोन वेगळे प्राचल असतात. दोन्ही एकाच वक्रातून मोकळे सोडून काढू गेलात तर एकाची उणीव दुसरा भरून काढतो आणि कोणताच आकडा विश्वासाचा राहत नाही.

उन्हाळ्यात मोजमाप करणार असाल तर एक सूचना. मे महिन्यात वातानुकूलन बंद पडून खोली दहा अंशांनी तापली, तर सिलिकॉनच्या प्रसरणानेच ००४ शिखर जवळपास ४ आर्कसेकंद सरकते, आणि गोनिओमीटरच्या धातूचे सरकणे वेगळेच. लांबलचक नकाशा काढताना सुरुवातीला आणि शेवटी सबस्ट्रेटचे शिखर पुन्हा मोजून ठेवा.

जुळणी तीव्रतेच्या लॉगॅरिदमवर करा, नाहीतर सबस्ट्रेटचे शिखर सगळा भार स्वतःकडे ओढते आणि फ्रिंजेसना काही किंमतच राहत नाही. यंत्राचा पसारा गणनेवर फिरवूनच तुलना करा, आणि तो पसारा थर नसलेल्या सिलिकॉनवर मोजलेला असावा. उताराचा थर पंचवीस चकत्यांत मोकळा सोडू नका. तीव्रतेत कलेची माहिती नसते, आणि थर एकटा असता तर उताराची वरची आणि खालची बाजू उलटवूनही तोच वक्र मिळाला असता. सबस्ट्रेटशी होणाऱ्या व्यतिकरणामुळेच ही संदिग्धता काही प्रमाणात मिटते, म्हणून दोन शिखरांमधला भाग पुरेसा वेळ देऊन, गोंगाटाच्या वर येईल असा मोजा. प्रमाण वरच्या आणि खालच्या टोकाला, जाडी, आणि २२४ वरून आलेले रिलॅक्सेशन, एवढेच प्राचल घेऊन सुरुवात करा.

हे सगळे झाल्यावरही क्षेत्रफळ कमी पडत असेल तर स्थिर डिबाय-वॉलर गुणक परत आणा, पण तो ००४ पुरता ठेवू नका. विस्थापने खरोखर यादृच्छिक असतील तर परावर्तनाचा क्रम वाढतो तसा हा गुणक कमी होत जायला हवा, म्हणून ००४ वर काढलेल्या किमतीवरून ११५ आणि ४४४ साठी काय यायला हवे ते आधी गणनेने काढा आणि मग मोजा. ११५ चा ब्रॅग कोन ४७.५ अंश आहे आणि ४४४ चा ७९.३, दोन्ही तुमच्या गोनिओमीटरच्या आवाक्यात आहेत. तिन्ही परावर्तनांत थराची तीव्रता याच क्रमाने घटली, तर तो गुणक प्रबंधात लिहायला माझी हरकत नाही.